रौमाती देणारी मुलगी

पिरिहिराने आयुष्यात एकदाच आजोबांना न विचारता काही केलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आजोबा पलीकडच्या खाडीवर मयताला गेले होते आणि दारात मिस्टर हॅलम येऊन उभे राहिले. जुन्या वस्तू जमवणारा, गोडबोल्या गोरा माणूस. दोनदा पिरिहिराच्या घरी मटण-रताळी जेवून गेलेला.

"रौमातीचा फोटो काढायचाय गं. आठवड्यात आणून देतो."

रौमाती म्हणजे घराण्याचा पाटू, मुठीत धरायचं दगडी हत्यार. हिरव्या पाषाणाचा, हातभर लांब, पानासारखा चपटा, मुठीपाशी टवका उडालेला. सात पिढ्यांनी तो लढाईत आणि सभेत हाती धरला होता. घरात कुणी गेलं की तो प्रेताच्या छातीवर ठेवत. पिरिहिराने पेटीतून काढून, टॉवेलात गुंडाळून दिला.

हॅलम फिरकलेच नाहीत. त्यांना धाडलेली पत्रंही परत आली. आजोबा तिला एका शब्दाने बोलले नाहीत. गावाला त्यांनी सांगितलं, "चोरीला गेला." तिनेही मान डोलावली, आणि ते खोटं चव्वेचाळीस वर्षं पोटात ठेवलं.

मग एक दिवस तिचा चुलतभाऊ तेओवाइ लिलावाचं पुस्तक नाचवत आला. "पिरे, बघ! मुठीपाशी तोच टवका! चोरीचा माल सापडला!"

गावाने गाडी केली. अकरा जण ऑकलंडला गेले. लिलावघरातल्या बाईने काचेचं कपाट उघडून पाटू पिरिहिराच्या हातात दिला. थंडगार दगड. म्हाताऱ्या बायका गळा काढून रडल्या. गेलेल्या एकेकाचं नाव घेत राहिल्या. ती बाईही थांबून राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही चोरीचा म्हणता. पण आमच्याकडे आधीच्या मालकाची, मिस्टर हॅलमची, चिठ्ठी आहे."

तिने वाचून दाखवली. घरातल्या पिरिहिरा नावाच्या मुलीने राजीखुशीने भेट दिला, खाली तारीख.

"लबाड मेला!" तेओवाइ उसळला. "सांग ना गं हिला!"

"भेट नव्हता दिला," पिरिहिरा म्हणाली. "फोटोपुरता दिला होता."

"म्हणजे... तू दिलास?"

"हो."

बाईने तिच्या हातातून पाटू अलगद काढून घेतला.

वकील म्हणाला, तोंडी बोलण्याला पुरावा म्हणत नाहीत. पाटू विकला गेला. घेणाऱ्याने नाव गुप्त ठेवलं. पिरिहिराने लिलावघरामार्फत त्याला तीन पत्रं धाडली. उत्तर आलं नाही.

त्या हिवाळ्यात तेओवाइ वारला. छातीवर ठेवायला पाटू नव्हता. शवपेटीभोवती घरातल्या बायका तीन दिवस बसून होत्या. पिरिहिराला कुणी बस म्हणालं नाही, ऊठही म्हणालं नाही. ती मागच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत राहिली. त्याला उचलल्याचा आवाज तिने तिथूनच ऐकला.