पाठ फिरवून केलेलं निरीक्षण

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प होता. महिनाभर रोज सकाळी एखाद्या अंगणवाडीत जायचं, नीट न खाणारं एक मूल निवडायचं आणि महिन्याच्या शेवटी ते आपल्या हातानं जेवतं, चार मुलांत खेळतं, असं सरांना दाखवायचं. मी घरी वरवंडला जाऊन आप्पांना, माझ्या वडिलांना, हे सांगितलं, तेव्हा ते गोठ्यात धार काढत होते. हात न थांबवता म्हणाले, "लेकरानं कसं खावं ह्ये शिकायला कालिजात जावं लागतं व्हय? तुला कुणी शिकवलं व्हतं?"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथं मी नक्की काय शिकते, हे मला घरी कधी धड सांगता आलं नव्हतं. मनात म्हटलं, एक तरी मूल खायला लागलं, तर निदान आप्पांना सांगायला काहीतरी असेल.

शिरूरला कॉलेज होतं आणि मी मावशीकडे राहत होते. अंगणवाडी मिळाली ती इनामगावच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणारी आणि आता कांदा-ऊस करणारी घरं. एक खोली, वीसेक पोरं. पहिल्या दिवशी मला न खाणारं मूलच सापडेना. खिचडीचं पातेलं खाली आलं की पोरं ताटल्या चाटूनपुसून लख्ख करत होती. मला काळजी वाटायला लागली, की आपला प्रकल्प होतो की नाही.

मग एक आबा आले. डोक्याला लाल मुंडासं आणि खांद्यावर चार वर्षांची नात. त्यांनी तिला खाली उतरवायला घेतलं, तर जमीन म्हणजे तापलेला तवा असल्यासारखे तिनं दोन्ही पाय पोटाशी घेतले.

"आबा, हिला चालता येत नाही का?" मी भीत भीत विचारलं.

"येतं की. पर वाटंत काटं हायती."

"बाकीची पोरं चालतच येतात."

"त्यांचं काटं त्यांच्या आज्यांनी बघावं," आबा म्हणाले.

वाटेत फाट्यावरच्या हॉटेलात आबा तिला रोज कपभर चहात दोन बटर बुडवून चारत. मग खिचडी कशाला खाईल ती? आई-बाप पहाटेच रानात जात. नात सांभाळायचं काम आबांचं, आणि ते त्यांनी अक्षरशः खांद्यावर घेतलं होतं. पोरीचे दंड काडीसारखे होते. मी तिलाच निवडलं.

सरांनी सांगितलं होतं, बारकाईनं निरीक्षण करा. मी वही घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि डोळ्याची पापणी न हलवता बघत राहिले. पहिल्या दिवशी लिहिलं, 'घास : शून्य'. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी 'एक' लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण तो घास तिनं शेजारच्या पोराच्या ताटलीत काढून ठेवला. तिच्यासाठी मी भाज्या-फळांचा तक्ता रंगवून नेला. एका पोरानं त्यातलं केळं सोलायचा प्रयत्न केला आणि तक्ता फाटला. कवायत घेतली, तर ही आबांच्या मांडीवरून उठेना. मग आबाच तिचे हात धरून वर-खाली करत बसले. म्हणजे व्यायाम झाला तो आबांचा.

हापशावरच्या बायका मला मॅडम म्हणत.

"काय मॅडम, आज किती घास?"

"शून्य."

"बरं हाय. कालच्यापरीस कमी तर न्हाई!"

तीन आठवडे असे गेले. सर यायला सात दिवस उरले आणि मला रात्री आप्पांचा प्रश्न ऐकू यायला लागला. एके दिवशी मी पुन्हा त्या पोरीसमोर वही उघडली, तेव्हा दारात बसलेले आबा म्हणाले, "बाई, राग मानू नगा. तुमी मेंढरं राखली न्हाईत."

"नाही. आमच्याकडं म्हशी."

"म्हनूनच. म्हशीच्या फुडं घमेलं ठिवलं की खाती. मेंढराचं तसं न्हाई. त्याच्याकडं टक लावून बसलं की ते चरायचं सोडून तुमच्याकडंच बघत ऱ्हातं. आपन काठी टेकायची आन् पाठ करून हुबं ऱ्हायाचं. आन् दुसरं, हिंडल्याबिगर मेंढरू त्वांड लावत न्हाई."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. पण कुठून कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "मग आबा, कोकरू तुम्ही खांद्यावर बसवून चारता का?"

अंगणवाडीच्या बाई खिचडी हलवत होत्या. त्यांचा हात थांबला.

"पाय मोडला आसंल तर घ्यावं लागतं," आबा म्हणाले.

"हिचा मोडलाय का?"

आबांनी मुंडासं सोडलं, पुन्हा बांधलं. बराच वेळ लावला त्याला. मग म्हणाले, "बरं. म्या खांदा सोडतो, तुमी वही सोडा."

"आणि चहा?"

"त्यो बी सुटंल. पर तुमी वळून बघायचं न्हाई. म्या बी न्हाई बघनार."

दुसऱ्या दिवशी मी दारातून पाहिलं. आबा पुढं, हात पाठीमागं, ओठांनी मेंढरांना घालतात तसली शीळ घालत येत होते. मागं पंधरा पावलांवर नात वाटेत बसून भोकाड पसरत होती. आबा वळले नाहीत. घोडनदीकडं तोंड करून, काठी टेकून उभे राहिले. पण त्यांची मान इतकी ताठ होती, की पाहणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. ती उठली, दहा पावलं चालली, पुन्हा बसली. तो तमाशा बघायला अंगणवाडीतली पोरं धावली आणि तिच्यामागं बॅ बॅ करत चालायला लागली. पाच मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला.

त्यातूनच खेळ झाला. एक मेंढपाळ, बाकी मेंढरं, बांधावरून वर आणि खाली. आबांची नात दोन दिवस कोकरू झाली. तिसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, आपण कुत्रं व्हायचं. कळपात सगळ्यात जास्त पळायचं काम कुत्र्याचं असतं. ती भुंकत भुंकत सगळ्यांच्या भोवती फिरायची आणि लांब गेलेल्या पोराचा सदरा दातांत धरून त्याला ओढून आणायची.

खिचडीच्या वेळी मी भिंतीकडं तोंड करून बसायचे. किती अवघड असतं ते! मागं ताटल्यांचा आवाज, आणि मला काहीच कळत नाही. बाई हळूच सांगायच्या, "आज बोट घातलं." दुसऱ्या दिवशी, "आज एक शेंगदाना." एवढंच.

शेवटच्या दिवशी सर नेमके जेवणाच्या वेळी आले. दारातून त्यांना काय दिसलं असेल? पोरांच्या रांगेकडं पाठ करून, कोऱ्या भिंतीकडं बघत बसलेले दोघंजण. एक त्यांची विद्यार्थिनी आणि एक मुंडासंवाले आबा.

"हे काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"निरीक्षण, सर," मी भिंतीला सांगितलं.

"कुणाचं?"

"मुलीचं."

"मुलगी तर मागं आहे."

"हो सर. बघितलं की खात नाही."

"सायेब," आबा न वळता म्हणाले, "तुमी बी भिताडाकडं त्वांड करून बसा. नवं मानूस दिसलं की कळप बुजतो."

मला वाटलं, संपलं आता. मग बूट काढल्याचा आवाज आला, आणि सर आमच्या शेजारी येऊन, पँट गुडघ्याशी वर ओढून, भिंतीकडं तोंड करून बसले. आम्ही तिघं भिंतीवरची एक पाल बघत राहिलो.

मागं ताटली खरवडल्याचा आवाज झाला.

"बाई, आजून खिचडी," ती पोर म्हणाली. आणि लगेच भुंकली.

"सगळी खाल्ली," बाई म्हणाल्या. "आपल्या हातानं."

आबांचे खांदे हलायला लागले. ते माझ्याकडं झुकले. "आता बघू का?"

"नको आबा. अजून एकदा वाढू दे."

अहवालात 'उपाय' या रकान्यात मी आबांचं म्हणणं त्यांचंच म्हणून लिहिलं, आणि 'निरीक्षण'मध्ये 'पाठ फिरवून केले'. सरांनी तिथं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं, थोडा विचार केला, खोडलं आणि सही केली.

घरी गेल्यावर मी आप्पांना हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी त्यांचा धार काढणारा हात थांबला.

"मंजी, सरालाबी भिताडाकडं बसवलंस?"

"हो."

ते इतके हसले की म्हशीनं पाय झाडला.

संध्याकाळी जेवताना आई नेहमीसारखी माझ्या ताटाकडं टक लावून बसली. पोर वाळली, कॉलेजानं वाळवली, असं तिचं चालू होतं.

"आगं, बघू नगंस तिच्याकडं," आप्पा म्हणाले. "ती कालिजात शिकलीया त्ये." आणि आपलं ताट उचलून ते भिंतीकडं तोंड करून बसले.

मी त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.