काळ्या हार्डटेलचा आवाज

बॉटम ब्रॅकेट बदलला, हेडसेट खोलून ग्रीस भरलं, तरी सायकल ‘कट्’ करायची ती करायचीच. बॉटम ब्रॅकेट म्हणजे पायडल फिरतात तिथलं बेअरिंग, हेडसेट म्हणजे हँडल फिरतं तिथलं. सायकलचा आवाज बहुतेक या दोनपैकी एका ठिकाणी सापडतो. हा सापडत नव्हता. हँडल दाबलं की कट्. आणि संध्याकाळी दुकानाचा पत्रा गार व्हायला लागला की, कोणी हातसुद्धा लावलेला नसताना, कोपऱ्यातून पुन्हा कट्.

नंदुरबारात मिरची बाजाराच्या मागे माझं सायकलचं दुकान आहे. बाईचं दुकान म्हणून हसणारे आता हसत नाहीत, कारण तेच पंक्चर घेऊन येतात. मी दुकानात कधी कशाला घाबरले नव्हते. पण या सायकलपायी मी उजेड असतानाच शटर ओढायला लागले. लोखंड गार होताना आवाज करतं, हे मला कळत होतं. तरी भीती वाटायची ती वाटायचीच.

सायकल भंगारवाल्याने आणली होती. काळा रंग ताजा, टायर नवे.

“कथाईन आनी रे?” मी विचारलं होतं.

“डोंगरमाईन. रंग मी मारा, टायर नवा टाका, बाकी नवी कोरी शे.”

“पन शे कोननी?”

“आते तुन्हीच शे ना, ताई!”

घेतली. पण आवाज सापडल्याशिवाय विकायची नाही, असं ठरवून कोपऱ्यात ठेवली.

दिलवर आला तेव्हा ती तिथेच होती. दिलवर धडगावकडचा, पावरा आदिवासी घरातला, नुकताच शिक्षक झालेला. जीप जिथे सोडते तिथून त्याच्या शाळेचा पाडा बराच आत, रस्ता कच्चा आणि उताराचा. लहानपणी थोडीफार सायकल शिकला होता, मग सवय सुटली. मोबाइलवर व्हिडिओ मात्र भरपूर बघून आला होता.

“ताई, दोन्हीकडे सस्पेन्शनवाली दाखवा. भरपूर गिअरची.”

“शाळेत जायचंय का सर्कशीत?”

तो लाजला. मग मी सगळ्यांना सांगते ते त्याला सांगितलं. सस्पेन्शन फक्त पुढे आणि मागची फ्रेम सरळ, कडक, तिला हार्डटेल म्हणतात. कमी पैशात हीच घ्यावी. स्वस्तात मागचं सस्पेन्शन म्हणजे नुसतं वजन, चढावर पाय मोडतात. गिअर मोजत बसू नये. ब्रेक बघावा, टायर बघावा, आणि फ्रेम आपल्या मापाची आहे ना ते बघावं. नव्या माणसाने सीट थोडी खाली ठेवावी, म्हणजे घाबरला की पाय जमिनीला टेकतो.

तो ऐकत होता, पण नजर कोपऱ्यात.

“ती?”

“तिला आवाज आहे. ती नाही द्यायची.”

“नुसता बसून बघतो.”

त्या सायकलची सीट उंच होती. जो बसे तो आधी ती खाली करायला सांगे. दिलवर तसाच बसला. दोन्ही पाय बरोबर पायडलवर. मग त्याचा डावा अंगठा आपोआप हँडलच्या मुठीशेजारी गेला आणि हवेत दाबला.

“घंटी कुठे गेली?” तो म्हणाला.

“नव्हतीच.”

मी वाकून बघितलं. तो ज्या जागी अंगठा दाबत होता तिथे रंगाखाली घंटीची पट्टी आवळल्याचा वळ होता. मी इतक्यांदा ती सायकल पुसली होती, मला तो दिसला नव्हता.

दिलवर हळूच उतरला. चेहरा उतरलेला.

“ताई, ही उलटी करा.”

उलटी केली. त्याने खालच्या नळीवर, हँडलच्या जरा मागे, बोट ठेवलं. “इथे खरवडा.”

पत्र्याच्या धारदार पट्टीने खरवडलं. काळ्या रंगाखाली पुट्टी निघाली, गाडीचा पत्रा चेपला की भरतात ती. पुट्टीखाली आडवा घाव. कुऱ्हाडीचा. घावातून निघालेली चीर नळीला वळसा घालून जवळजवळ पूर्ण फिरली होती. उतारावर पुढचा ब्रेक दाबला असता, तर हँडल हातात आणि माणूस दरीत.

“हा घाव बाबांनी घातलेला आहे,” दिलवर म्हणाला. “दादाची सायकल. तो मागच्या पावसाळ्यात तापाने गेला. मी हिच्यावरच शिकलो. तो मागून सीट धरून पळायचा.”

सवयीने माझ्या तोंडातून निघालं, “वेल्डिंग करून देऊ?”

“नको!” तो एवढ्या जोरात म्हणाला की मी दचकले. मग शांतपणे म्हणाला, “आमच्या गावात माणूस गेला की त्याच्या वस्तू मसणात त्याच्यापाशी ठेवतात. आधी घाव घालतात. इथे मोडली तरच तिकडे चालते.” तो त्या पुट्टीकडे बघत राहिला. “कोणी तरी ही भरली, ताई. म्हणजे दादा इतके दिवस पायी चालतोय.”

बाहेर मिरचीच्या पोत्यांचा ट्रक लागला होता, हमाल शिंकत होते. दुकानात कोपऱ्यातून कट् झालं नाही. मीच वाट बघत होते.

“तुम्ही मोडा,” तो म्हणाला. “माझा हात धजत नाही.”

मी जन्मभर मोडलेलं जोडत आले. छिन्नी घेतली, पुट्टी कणकण काढली. मग सायकल सरळ उभी केली आणि हँडलवर सगळं वजन टाकलं. मोठा आवाज झाला आणि फ्रेम दुभंगली. दिलवरने हात जोडले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

तुटलेली सायकल जीपच्या टपावर बांधून तो वर डोंगरात दादापाशी घेऊन गेला. त्याआधी मी त्याला एक साधी हार्डटेल दिली, डिस्क ब्रेकची, त्याच्या मापाची. तो रोज तिच्यावर शाळेत जातो आणि सर्व्हिसिंगला वेळेवर येतो. त्या भंगारवाल्याला मी पुन्हा दारात उभं केलं नाही.

सेकंडहँड सायकल घेताना रंगाला भुलू नका. उलटी करा, खालच्या नळीवरून नख फिरवा. पुट्टी लागली तर सायकल तिथेच ठेवून या. मोडलेली सायकलसुद्धा कोणी तरी वापरत असतं.