थोपटणारा हात

नाशिकमध्ये एका पाळणाघरात मी मुलं सांभाळायची. भरवायचं, धुवायचं, निजवायचं, एवढंच काम. म्हणजे लोकांना तेवढंच वाटतं. घरभाडं वाढलं, सिलिंडर वाढला, दूध वाढलं, पगार मात्र जागचा हलला नाही. शेवटी धीर करून मालकीणबाईंकडे विषय काढला.

"मावशी, फी वाढवली तर लोक मुलं काढून नेतील हो," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही काय परक्या आहात का? घरच्याच की!"

घरच्या माणसाने पगार वाढवून मागायचा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. राग यायला हवा होता. आला नाही. मी भाताचा कुकर लावायला गेले.

तिथल्या पोरांत दोन वर्षांची एक मुलगी होती. दुपारी माझ्याच मांडीवर झोपायची. पाठीवर थोपटावं लागे, दोनदा हळू, मग एकदा जोरात. ताल चुकला की डोळे टक्क उघडे! तिचा मला लळा लागला होता, खोटं कशाला बोलू? तिच्यापायीच काम सोडायला मला इतके दिवस लागले.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला तशी शेजारणीबरोबर टेम्पोत बसून पिंपळगावला पॅकहाऊसमध्ये जाऊ लागले. डोक्याला टोपी घालायची, कात्रीने खराब मणी काढायचे, घड डबीत बसवायचा. दिवसाची मजुरी पाळणाघरापेक्षा चांगली पडायची. द्राक्षं सांभाळायला जास्त पैसे, लेकरं सांभाळायला कमी. असं का, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

घड डबीत ठेवला की माझा हात आपोआप त्याला थोपटायचा. मण्यांवरचा ताजेपणाचा पांढुरका थर पुसला जायचा आणि तो माल नापास होऊन बाजूला पडायचा. एकदा सुपरवायझरने ते पाहिलं.

"ओ मावशी, द्राक्षं हायेत ती, पोर नाय! झोपवता का काय त्यांना?"

बाया खो खो हसल्या. मीही हसले. त्यानंतर हात आवरायला शिकले.

हंगाम संपला आणि मालकीणबाईंचा फोन आला. नव्या बाया टिकत नव्हत्या. थोडे वाढवून देते म्हणाल्या. ते थोडे फारच थोडे होते, पण हातात दुसरं काम नव्हतं. गेले.

दुपारी मुलं सतरंजीवर ओळीने आडवी झाली. मी मांडी घालून बसले आणि त्या मुलीला हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळखलंही असावं, पण उठली नाही. भिंतीकडे तोंड करून वळली. मग तिचा इवलासा हात स्वतःच्याच मांडीवर पडू लागला. दोनदा हळू, एकदा जोरात. थोड्या वेळाने ती झोपली.

मी तशीच बसून राहिले, रिकामी मांडी घालून.