मिस्त्रीचं इंजिन आणि अण्णांचं राहिलेलं प्रकरण

माझ्या वडिलांनी आठ वर्षं वहीत एक महायुद्ध पुन्हा लढलं, आणि शेवटच्या प्रकरणाआधी त्यांची वाचा गेली.

आज अण्णांना जाऊन एक वर्ष झालं.

अण्णा उद्यमबागेतल्या कारखान्यात क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग करायचे. इंजिनातला तो वळणावळणाचा दांडा, सगळा भार ज्याच्यावर येतो तो. नुसतं बोट फिरवून सांगायचे, "ह्यो पास. ह्यो न्हाय."

शिक्षण दहावी. पण विमानांचं भारी वेड. सांबऱ्याचे एक रिटायर्ड एअरफोर्सवाले मित्र त्यांना जुनी इंग्लिश पुस्तकं द्यायचे. अण्णा शेजारी डिक्शनरी ठेवून वाचायचे.

त्यातच त्यांना ते सापडलं. महायुद्ध संपत आलं तेव्हा जपानमध्ये फायटर विमानांचे सांगाडे तयार होऊन रांगेनं उभे होते. पंख होते, चाकं होती. इंजिनं नव्हती. घाईत केलेले क्रँकशाफ्ट टिकत नव्हते.

जेवताना म्हणाले, "मी असतो तर मोडू दिला नसता."

आई म्हणाली, "आधी भाकरी खावा. मग जावा जपानला."

आम्ही सगळे हसलो. तेव्हा सुहास होता.

सुहास माझा धाकटा भाऊ. त्याला चिकोडीला इंटरव्ह्यूला जायचं होतं. दारात एक जुनी मोटरसायकल दोन वर्षं बंद पडलेली. अण्णांनी तीन रविवार घालवून तिचं इंजिन उघडलं, साफ केलं, स्वतः जोडलं. पहिल्या किकला चालू!

सुहास म्हणाला, "अण्णा, मी बसनंच जातो."

"का रं? माझ्या कामावर भरवसा न्हाय?"

तो हसला आणि चावी घेतली.

संकेश्वरच्या अलीकडं ट्रकनं उडवलं. सकाळचे साडेनऊ. वय बावीस.

लोक धावत आले तेव्हा गाडी आडवी पडलेली आणि इंजिन अजून चालू होतं म्हणे. कुणीतरी हे अण्णांना सांगितलं.

सांगायला नको होतं.

वर्षभर अण्णा कामापुरतं बोलले. मग एक दिवस दोनशे पानी वही घेऊन आले.

वहीत एक मिस्त्री आहे, जपानी कारखान्यातला. त्याला नाव नाही. तो साहेबाला सांगतो, शंभर नकोत, दहाच करू पण धड करू. साहेब ऐकतो. क्रँकशाफ्ट मोडायचे थांबतात. इंजिन जरा जड होतं म्हणून डिझायनर विमानाचं नाक बदलतो. त्याची चित्रं अण्णांनी पट्टी लावून, मापात काढलीत. इंजिनं वेळेत येतात. रांगेतली विमानं उडतात.

आणि युद्ध लांबत जातं.

मी निपाणीला शाळेत शिकवते. शनिवारची शाळा सुटली की वडगावला घरी यायचे. अण्णा वाचायचे, मी लॅपटॉपवर टाईप करायचे. मला वाटायचं, चला, मन रमतंय त्यांचं.

सातव्या वहीत मिस्त्रीचा मुलगा आला. पायलट. वय बावीस.

माझी बोटं थांबली.

"अण्णा, ह्याला कशाला आणलं?"

"त्यो पहिल्यापासनं हाय. तुला आत्ता दिसला."

इंजिनच नसतं तर तो मुलगा जमिनीवर राहिला असता. बापानं काम चोख केलं, म्हणून आता त्याला उडावं लागणार.

"पुढं काय होतं?"

"ठरंना गं. इंजिनात दोष ठेवला तर इमान उडत न्हाय, पोरगं वाचतंय, पण मिस्त्री खोटा पडतोय. न्हाय ठेवला तर पोरगं जातंय."

आई आतून ऐकत होती. हात पिठानं भरलेले, तशीच बाहेर आली.

"दोष ठेवा हो तुम्ही. एवढं ऐका माझं."

अण्णांनी वही मिटली आणि चपला घालून बाहेर गेले. कितीतरी आठवडे पुढचं पान लिहिलं नाही.

मग एका बुधवारी फोन आला. आवाज एकदम मोकळा. "ठरलं बघ. शनवारी ये, सांगतो."

गुरुवारी स्ट्रोक आला.

उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना बरंच समजतंय, पण शब्द सापडत नाहीत." एकच शब्द उरला होता.

व्हय.

पाणी पाहिजे? व्हय. नको? व्हय. दुखतंय का? व्हय.

स्पीच थेरपी केली. चित्रांची कार्डं आणली. डाव्या हातात पेन दिलं, नुसत्या रेघोट्या उमटल्या. ते वहीकडं बघायचे, मग माझ्याकडं. सांगायचं होतं त्यांना. स्पष्ट दिसत होतं.

"अण्णा, मुलगा वाचतो का?"

"व्हय."

"मरतो?"

"व्हय."

चुकीचं बाहेर पडलं हे त्यांनाच कळायचं. डावी मूठ गादीवर आपटायचे. डोळ्यांतून पाणी. मी परत विचारायचे, वेगळ्या तऱ्हेनं विचारायचे. मान हलवून दाखवा म्हणायचे. मानही शब्दासारखीच, कुठंही हलायची.

शेवटी आई म्हणाली, "बास कर गं. किती छळशील?"

मी थांबले. चार महिने नुसती शेजारी बसले. जाऊळ काढलेल्या बाळासारखं त्यांचं डोकं पुसायचे, भरवायचे, कूस बदलायचे. दुसरं काही हातात नव्हतं.

लोक विचारतात, पुस्तक कधी काढतेस? शेवट तू लिही की.

नाही लिहिणार. मला माहीत नाही. त्यांना माहीत होतं.

अण्णा जायच्या आधीच्या शनिवारी आई देवळात गेलेली. घरात आम्ही दोघंच. नऊ वर्षं जे बोलले नव्हते ते मी बोलले.

"अण्णा, सुहास गेला त्यात तुमची चूक न्हवती. ऐकताय न्हवं? तुमची चूक न्हवती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मूठ आपटली नाही.

"व्हय," म्हणाले.

त्याचा अर्थ काय होता, मी वर्षभर विचार करतेय.

अण्णा, तुमच्या पायांवर डोकं ठेवते. सुखानं राहावा.