मुझम्मिलचा पाय

तुम्हाला म्हणून सांगतो, इथे आखातात, अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मत्सर कोणी मन लावून केला असेल तर तो सूर्यकांतच्या निखिलने. पोरगा जन्मला इथेच, पार्किंगमध्ये क्रिकेट खेळत वाढला आणि पोट भरायला लागला बेसबॉलवर! बाप लोकांना ‘स्पोर्ट्स लाइनमध्ये आहे’ एवढंच सांगायचा. सलग आठ सीझन पगारी फर्स्ट बेसमन. काम काय, तर जमिनीवरच्या उशीएवढ्या बेसला एक पाय चिकटवून ठेवायचा आणि धावणारा पोचायच्या आत साथीदारांनी फेकलेला चेंडू झेलायचा.

निखिलच्या चौतिसाव्या वर्षी टीममध्ये मुझम्मिल आला. तेविशीचा, ताडमाड, शारजात विकेटकीपिंग केलेला. जागा एक, कॉन्ट्रॅक्ट एक. निखिलची झोप उडाली. बायको मुग्धा विचारायची, “सवत आली होती का रे प्रॅक्टिसला?”

सवतीत खोट एकच. कीपरच्या सवयीने तो चेंडूवर झेपावायचा आणि बेसवरचा पाय सुटायचा. झेल देखणा, पण धावणारा वाचायचा. कोच ओरडून थकला. उपाय फक्त निखिलला ठाऊक होता आणि तो तोंडात मूग धरून बसला.

पण घरात मुग्धा! ईदनंतर मुझम्मिलला जेवायला बोलावलं तिनेच. पुरणपोळीवर तूप ओतून घेत तो कुरकुरला, “भाभी, पाँव रुकता ही नहीं.”

“अरे, निखिललाही हाच रोग होता!” मुग्धा म्हणाली. “महिनाभर मी याच्या पायावर उभी राहून मोज्यांचे गोळे फेकायची. तूही कुणाला तरी उभं कर.”

निखिलने तुपाची वाटी मुझम्मिलसमोरून उचलली.

मुझम्मिलने रूममेट खैरुद्दीनला पायावर उभं केलं. खैरुद्दीन नव्वद किलोचा. पाय चिकटला, कॉन्ट्रॅक्ट मुझम्मिलला. निखिल झाला असिस्टंट कोच. मुग्धाशी आठवडाभर अबोला.

परवाच्या मॅचला मी होतो. शेवटचा चेंडू. मुझम्मिलने झेलला; पण पाय सुटला, धावणारा वाचला, म्हणाला अंपायर. दाद मागायची तर एकदाच मागता येणार होती. कोचने निखिलला विचारलं, “पाय?” बाकी सगळे चेंडू बघत होते; हा मेला सीझनभर पायच बघतोय, कधी सुटतो म्हणून.

“चिकटलेला होता,” निखिल कारल्याचा रस प्यायल्यासारखा बोलला. रिप्लेने तेच दाखवलं. जिंकले.

बाहेर मी गाठलंच त्याला. “हबीबी, सुटला म्हणाला असतास तर?”

“काका,” तो फणकारला, “मुग्धाने शिकवलाय तो पाय. सुटेल कसा?”