खंडेनवमीला पुसलेला संगणक

इतकी वर्षं झाली, तरी ती दुपार आठवली की माझा जीव अजून खालीवर होतो बघा. कोथरूडच्या एका चौकीत मी तेव्हा फौजदार होते. नागपूरकडून लग्न होऊन आलेली, आयटीत नोकरी करणारी एक मुलगी फिर्याद द्यायला आली. नवरा मारायचा. वळ उठले की ती फोटो काढून घरच्या संगणकात लपवायची. आता अंगावर एकही खूण नव्हती. पुरावा काय तो तेवढाच, आणि तो नवऱ्याच्या घरात! त्यात आदल्या दिवशीच्या भांडणात 'फोटो आहेत' एवढं तिच्या तोंडून निसटलेलं.

जबाब चालू असतानाच तिला शेजारणीचा फोन आला. "अगं, तुमच्याकडे कॉम्प्युटरवाला येऊन गेला."

पोरगी पांढरी पडली. मी हवालदार आणि पंच घेऊन निघाले. सिग्नलला जीप थांबली की मला घाम फुटायचा.

घरी नवरा अगदी शांत. संगणकाला झेंडूचा हार, हळदकुंकू.

"फॉरमॅट मारून घेतला मॅडम. आज खंडेनवमी. पूजेला मशीन स्वच्छ नको? आपणही शस्त्रं पुसत असालच."

"पुसतो हो. बायको घर सोडून गेल्यावरच नेमकं सुचलं?"

"योगायोग." मग आपणहूनच कुरकुरला, "काम तरी धड कुठं केलंय! तो कॉम्प्युटरवाला नवी सिस्टीम टाकली म्हणतो, डिस्क अर्धी भरलेलीच. तेच साफ करायला बसलो होतो."

मी थबकले. सगळं पुसलंय, तर भरलंय कशानं?

"माऊसवरचा हात काढा."

तिथूनच मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मी पुसत नाही हो बाई. वर नवी सिस्टीम टाकतो, जुनं सगळं एका फोल्डरात तसंच राहतं. नाहीतर लोक लग्नाचे फोटो गेले म्हणून दुकानात भांडायला येतात."

आता नवरा पांढरा पडला. पंचनामा सुरू केला, तर सासूबाई आडव्या आल्या. "पूजेतलं हत्यार आज हलवत नाहीत!"

"काकू, हत्यार नाही, मुद्देमाल आहे आता तो."

संगणक सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवला. पण माझी झोप उडाली. आम्ही पोचण्याआधीच त्यानं काही साफ केलं असेल तर? कात्रजला मावशीकडे राहिलेली ती मुलगी रोज फोन करायची, "भेटले काय मॅडम फोटो?" काय सांगणार तिला?

अहवाल आला. फोटो होते, तारखांसकट. ती ते बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आता कोर्टात मला खोटं नाही ना म्हणणार कोणी?"

त्यानंतर मार खाल्लेली बाई चौकीत आली, की मी तिला पाणी द्यायचे आणि पहिलं विचारायचे, "पुरावा कुठं आहे? आणि त्या घरात आत्ता कोण आहे?" बाकीचा जबाब नंतर.