बेगमेची पालखी आणि कमरुन्निसाबीचा दोरा

कमरुन्निसाबीला मराठी वाचता येत नाही, पण मराठी कादंबरीतली खोट तिच्याइतकी कुणी काढत नाही. हिंगोलीत आमच्या घरासमोर ती साड्यांना फॉल-पिको करते. मी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी तिच्या मशीनशेजारी बसून वाचते आणि ती फॉल टाचत ऐकते. तिला पाहिजेत फक्त राण्या, बेगमा, महाल अन् दासी. गरिबाघरची गोष्ट काढली की म्हणते, "ते आपलं रोजचंच हाय, बाई. बेगम काढा."

अन् काढली तर गुमान ऐकेल का? छे! राणी वैशाखात मखमलीचा घागरा घालून बागेत फिरली की हिची सुई थांबते. "हिंगोलीत येऊन पाहा म्हनावं, घामोळं उठंल." महालात शंभर दासी उभ्या राहिल्या की हिचा सवाल, "एवढ्यांची धुनी कोन धुतं?" मी चिडते. "कमरुन्निसाबी, लेखकानं ते लिहिलं नाही!" "मग त्यानं धोबिनीला इचारलंच न्हाई," असं म्हणून ती पुन्हा सुई ओवते. खरं सांगते, एकटीनं इतकी पुस्तकं वाचली, पण मला त्यात कधी धोबीण आठवली नव्हती.

वाचन थांबलं की त्या दिवशीच्या साडीचा दोरा तोडून ती पानात ठेवते. मग पुस्तक चिमटीत धरून किती झालं, किती राहिलं ते पाहते. जन्म कापड मोजण्यात गेलेला, त्यामुळे अंदाज बराबर असतो. "अजून आठ दिवस पुरंल," म्हणाली की आठ दिवसच पुरतं.

यंदा हळदीच्या हंगामात मी वाचनालयातून गुलरुख नावाच्या बेगमेची कादंबरी आणली. बादशहा रागाच्या भरात तिला महालातून काढतो, दूरच्या किल्ल्यात नेऊन ठेवतो, असं काहीसं. त्याच सुमारास कमरुन्निसाबीची लेक शाहिस्ता पुसेगावहून माहेरी आली होती. नवरा हात उचलायचा. पोरगी कोपऱ्यात बसून ब्लाउजला हूक लावायची. बेगमेचं वाचन सुरू झालं की मात्र तिचे हात मंद व्हायचे.

मला कुठं दम निघतो! एका रविवारी पुस्तक घरी नेऊन मी शेवट वाचून टाकला. बादशहा पालखी पाठवतो, बेगम हसत चढते आणि महालाचं दार तिच्यामागं लागतं ते लागतंच. हे या पोरीपुढं कसं वाचायचं? म्हणून मी माझी अक्कल पाजळली. शेवटच्या दुपारी पालखीपर्यंत वाचलं अन् पुढं तोंडानंच सांगितलं, "बादशहानं माफी मागितली, बेगम सुखानं नांदली. संपलं!"

शाहिस्ता उठून आत गेली. कमरुन्निसाबीनं सवयीनं दोरा ठेवला आणि पुस्तक मशीनवर ठेवून दिलं.

दोन दिवसांनी गेले तर शाहिस्ता पिशवीत कपडे भरत होती. "शुक्रवारी सासरचे घ्यायला येऊन राहिलेत. मी हो म्हनले," ती खाली मान घालून म्हणाली.

कमरुन्निसाबीनं मशीन थांबवली. दोरा होता तिथं बोट घालून पुस्तक माझ्यापुढं धरलं. "पाव बोट जाडी राहिली, बाई. संपलं काहून म्हनल्या? मी दोन दिवस वाट पाहिली, तुमी सोताहून सांगसान म्हनून."

"पोरीला वाईट वाटेल म्हणून..." मी चाचरत म्हणाले.

"मला तवाच कळलं होतं, मावशी," शाहिस्ता म्हणाली. "पान न उलटताच बोलून राहिल्या होत्या तुमी. मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या, नोकरी केलेल्या मावशीलाबी मी जावंच वाटतंय. तोंडावर म्हनता येईना, म्हनून बेगमेचं नाव पुढं केलं."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तीस वर्षं कचेरीत लोकांचे अर्ज वाचले, एका अक्षराची खाडाखोड केली नाही; आणि इथं एका लेकराला मी माझ्या हातानं पालखीत बसवत होते. माझे डोळे भरून आले.

"रडनं मागून," कमरुन्निसाबी म्हणाली. "आधी वाचा."

मी वाचलं. बेगम चढली, दार लागलं. शेवटच्या पानावर धोबीण होती, ते मी विसरूनच गेले होते. आठ दिवस ती महालाच्या मागच्या दाराशी येते आणि रिकाम्या हातानं परत जाते, कारण बेगमेचे कपडे धुवायला येतच नाहीत. पुस्तक तिथंच संपतं.

कमरुन्निसाबीनं पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग म्हणाली, "ह्यानं बराबर लिहिलं. धोबिनीलाच आधी कळतं. शाहिस्ता आली त्या दिवशी तिची ओढनी मीच धुतली, बाई. तीन पान्यातून काढली तरी रगताचा डाग गेला न्हाई." तिनं लेकीकडं पाहिलं. "तुजंच मन असंल म्हनून मी गप होते. तुला जायचं हाय का?"

"न्हाई, अम्मी," शाहिस्ता म्हणाली आणि तिनं पिशवी खाटेवर पालथी केली.

शुक्रवारी पुसेगावची जीप आली. कमरुन्निसाबीनं सगळ्यांना चहा पाजला आणि जीप आली तशीच परत लावून दिली.

आमचं वाचन अजून चालू आहे. सध्या एक दक्षिणेकडची राणी आहे, तिचे दागिने कमरुन्निसाबीला पटत नाहीत. फक्त आता पुस्तक माझ्या हातात नसतं, तिच्या मांडीवर असतं. वाचते मी. पानं ती उलटते.